आगमनकाळ आणि मंडळी

या स्मरणिकेच्या नावातच ‘आगमन’ हा शब्द आहे. मराठी माणसे या देशात कशी आली, कुठे राहिली, काय करून जगली, याची नोंद राहावी हा तिचा हेतू. हाच शब्द मराठी ख्रिस्ती लोकांच्या पंचांगातही आहे, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. नाताळच्या आधीचे चार रविवार ज्या काळात येतात त्याला मराठी उपासनेत ‘आगमनकाळ’ म्हणतात. आपला इंग्रज शेजारी ज्याला ॲडव्हेंट म्हणतो तोच हा काळ. त्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही ‘येणे’ असाच आहे. तीस नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी तो सुरू होतो आणि नाताळच्या आदल्या रात्री संपतो. तोपर्यंत सण सुरू झालेला नसतो. दुकानांत झाला असला तरी देवळात नसतो.

पिनरमध्ये राहणाऱ्याला हे समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. हाय स्ट्रीट चढून गेले की वरच्या टोकाला सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे गारगोटीच्या दगडाचे चर्च उभे आहे. त्याची प्रतिष्ठापना १३२१ सालची, म्हणजे आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचे राज्य नुकतेच बुडाले होते तेव्हाची. त्याआधी या खेड्यातल्या लोकांना उपासनेसाठी हॅरोच्या टेकडीवरच्या सेंट मेरी चर्चपर्यंत चालत जावे लागे. चिखलपाण्यातून, विशेषतः हिवाळ्यात, ते जमेना, म्हणून गावात जवळचे देऊळ हवे झाले. नंतरही कित्येक शतके ते हॅरोच्याच अधीन होते. पुढे १३३६ मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाने गावाला जत्रेची सनद दिली. ती जत्रा अजून भरते आणि आपली मुले तिथे पाळण्यात बसून येतात.

ज्याच्या नावाचे हे चर्च, तो बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे आगमनकाळाचाच माणूस. येशूच्या आधी येऊन ‘तो येतो आहे, तयार राहा’ असे सांगत अरण्यात हिंडणारा. आगमनकाळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी त्याचीच कथा वाचतात, आणि हिरव्या डहाळ्यांच्या वर्तुळात दर रविवारी एक याप्रमाणे ज्या चार मेणबत्त्या लावतात त्यांतली तिसरी त्याची मानतात. हे वर्तुळ पुरातन वाटले तरी तसे नाही. हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाच्या पाळकाने अनाथ, गरीब मुलांसाठी आश्रम काढला होता. नाताळला किती दिवस राहिले असे मुले रोज विचारीत, म्हणून १८३९ साली त्याने एका चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायची सोय केली. इंग्लंडात ती पद्धत रुळली विसाव्या शतकात. वाट पाहणे मुलांना जड जाते. मोठ्यांनाही जातेच, फक्त ते विचारत नाहीत.

वाट पाहणे आपल्याला परके नाही. आपल्याकडे उलट चित्र आहे इतकेच: विठोबा विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहतो आणि भक्त चालत त्याच्याकडे जातो. आगमनकाळात माणसे जागच्या जागी थांबतात आणि येणारा देव असतो. या फरकाची जाण असलेला पहिला लेखक मराठीला लाभला तो योगायोगाने इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स हा विल्टशरमधल्या बुश्टन गावचा. जन्म १५४९ चा. कॅथलिक असल्याने एलिझाबेथच्या इंग्लंडात त्याला जागा नव्हती. रोमला जाऊन तो जेझुइट झाला, आणि लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरला. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्याचे नाव घेतले जाते. व्यापारासाठी आलेले इंग्रज त्याच्या मागून आले. चाळीसएक वर्षे तो साष्टीच्या भागात राहिला आणि परत कधी गेला नाही.

त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची तक्रार होती की आमची जुनी पुराणे गेली, आता आम्ही गायचे काय, वाचायचे काय. ती त्याने ऐकली आणि मराठी ओवीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या. वैकुंठ हा शब्दही त्याने टाकला नाही. पण मला त्या ग्रंथाची रचना अधिक बोलकी वाटते. त्याचे दोन भाग आहेत. येशूचा जन्म दुसऱ्या पुराणात येतो. पहिले पुराण, चार हजारांहून अधिक ओव्यांचे, सगळे सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या वचनापर्यंतचे आणि त्या वचनाच्या प्रतीक्षेचे आहे. म्हणजे ऐकणाऱ्याला नाताळपर्यंत पोहोचायला चार हजार ओव्या बसून राहावे लागे. देवळात जमून, मोठ्याने, सगळ्यांनी मिळून ते म्हटले जाई. छापील प्रती आज एकही उरलेली नाही; मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी हाताने उतरून घेतलेल्या वह्यांमुळे तो टिकला. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला. छापखान्यापेक्षा माणसांनी जास्त जपलेला ग्रंथ, असे त्याच्याबद्दल म्हणता येईल.

इथे एक शब्द सांगायला हवा. मराठी बायबलात ‘चर्च’ या अर्थी जो शब्द येतो तो ‘मंडळी’. इमारत म्हणजे चर्च किंवा देऊळ. त्यात जमणारी माणसे म्हणजे मंडळी. आपण व्यासपीठावरून ‘नमस्कार मंडळी’ म्हणतो, १९३२ पासून लंडनला महाराष्ट्र मंडळ आहे, त्याच घरातला शब्द. घरापासून लांब आलेल्या माणसाला आधी काय भेटते, देव की मंडळी, हा प्रश्न इंग्लंडात आलेल्या मराठी माणसांपैकी एकीने स्वतःच्या आयुष्यात जितका तपासला तितका दुसऱ्या कुणी क्वचितच तपासला असेल. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंची वाट पाहण्याची ओळख लहानपणीच झाली होती, आणि ती कडवट होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून हिंडत, कुटुंब बरोबर. रमाबाईंचा जन्मच मुळी १८५८ मध्ये गंगामूळच्या अरण्यातला. जवळचे सगळे संपल्यावर त्या कुटुंबाने उपास केले, मूर्तींपुढे बसून राहिले, देव काहीतरी करील म्हणून थांबले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही गेले. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होण्याच्या आत, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी गेले. कुणी आले नाही, अशी ती प्रतीक्षा. ज्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराला मोह किंवा उतावीळपणा म्हटले त्यांनी हा हिशेब धरलेला दिसत नाही.

१८८३ च्या मे महिन्यात त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडात उतरल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या पैशांतून तिकीट काढले होते. इच्छा होती वैद्यकी शिकण्याची, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्याने तो विचार सोडावा लागला. बर्कशरमधल्या वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संन्यासिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. या भगिनींची शाखा पुण्यात होती, तिथली ही ओळख. बदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायचे होते. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. परक्या देशात, परक्या धर्माच्या घरात तिच्या मनाचा तोल गेला आणि त्याच वर्षी वाँटेजमध्येच तिने आपले जीवन संपवले. रमाबाईंच्या चरित्रात ही घटना बहुधा दोन ओळींत उरकतात. इंग्लंडात आलेल्या मराठी स्त्रियांच्या इतिहासात तिला याहून जास्त जागा मिळायला हवी.

रमाबाईंचे मन कशाने वळले ते त्यांनी स्वतः १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत सांगितले आहे. तत्त्वज्ञानात त्या कुणाला हरणाऱ्या नव्हत्या. मठाने त्यांना काही दिवस लंडनजवळ फुलहॅमला पाठवले. तिथे ज्यांना समाज ‘पतित’ म्हणून टाकतो अशा स्त्रियांसाठी या भगिनींचे घर होते. त्या बायकांशी तिथल्या भगिनी ज्या आपलेपणाने वागत होत्या ते रमाबाईंनी पाहिले. असे का वागता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली: भर दुपारी विहिरीवर एकटी पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याशी बोलत बसलेला येशू. शास्त्रार्थ करायला आलेल्या विदुषीला तिथे शास्त्रार्थ भेटलाच नाही. आधी वागणूक दिसली, मग तिच्या मागची गोष्ट कळली. जोडीला नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी हिंदुस्थानातून पाठवलेले लिखाणही होते. गोऱ्हे म्हणजे काशीत वाढलेले चित्पावन पंडित, रमाबाईंच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झालेले आणि इंग्लंडही पाहून आलेले. पंडिताशी पंडिताने बोलावे तसे ते बोलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी आईने आणि मुलीने वाँटेजला बाप्तिस्मा घेतला.

दोन महिन्यांनी आगमनकाळ आला. इंग्लंडात रमाबाईंचे तीन नाताळ झाले: १८८३, १८८४ आणि १८८५. आज आपण ज्याला इंग्लिश नाताळ समजतो त्यातले बरेच काही तेव्हा नव्हते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातली नऊ पाठ व गीतांची उपासना १९१८ ची, रेडिओवर आली १९२८ मध्ये. तिचे मूळ रूप ट्रुरोला १८८० मध्ये निघाले होते, पण ते अजून तिथलेच होते. मठातला आगमनकाळ म्हणजे जांभळी वस्त्रे, ठरलेल्या वेळी दिवसातून अनेकदा प्रार्थना, आणि अंधार. डिसेंबरमध्ये दुपारी चारला दिवस मावळतो, हे आपल्याला पहिल्या हिवाळ्यात जसे अंगावर आले तसे त्यांच्याही आले असणार. त्या अंधारात एक लहान मुलगी आणि तिची आई, आणि आजूबाजूला परक्या भाषेतली पण सांभाळून घेणारी माणसे. सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता झालेल्या इंग्रज संन्यासिनीला आजीबाई! या एका हाकेत मंडळीचा अर्थ सापडतो असे मला वाटते.

आणि त्याच आजीबाईंशी पुढली दोन वर्षे त्या कडाकडा भांडल्या. हे भांडण झाकण्यासारखे नाही, उलट या विषयाचा गाभा तेच आहे. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले पुडिंगही त्यांना चालत नसे. जेराल्डीनना त्यात जातीचा ताठा दिसे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे मठाचे म्हणणे. रमाबाई म्हणाल्या, संस्कृत का नको? लॅटिन अधिक पवित्र आहे का? चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांपुढे व्याख्याने दिली, जिला ‘सरस्वती’ पदवी मिळाली, तिला हे सांगणे! रमाबाईंनी स्पष्ट कळवले की आपल्या सदसद्विवेकावर त्या कुणाचा ताबा मानणार नाहीत. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्यांनी प्रश्न विचारले. चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील यांना हा स्वभाव उमगला. त्या दबाव न आणता उत्तरे देत राहिल्या. मठाला मात्र घाई होती. बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळे झाले, आता मान्य करायचे, असा त्यांचा समज.

जेराल्डीन यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही सगळी पत्रे, स्वतःवर टीका असलेली सुद्धा, त्यांनीच जपली आणि एकत्र लावून ठेवली. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती प्रसिद्ध झाली ती त्या जपणुकीमुळे. रागावलेल्या आजीबाईंनी नातीची पत्रे फेकून दिली नाहीत.

रमाबाई १८८६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. पुढचे शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या मुली, हे आपल्या परिचयाचे आहे. त्या साक्षीतला एक कबुलीजबाब मात्र कमी वाचला जातो. रमाबाई म्हणतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला १८९१ मध्ये, आठेक वर्षांनी, हिंदुस्थानात, विल्यम हॅस्लम या कॉर्नवॉलच्या पाळकाचे आत्मकथन वाचताना. हा हॅस्लमही मजेशीर माणूस: व्यासपीठावर प्रवचन देता देता स्वतःच्याच प्रवचनाने तो बदलला आणि ऐकणाऱ्यांनी आरडाओरडा केला. म्हणजे त्याच्याही बाबतीत आधी चर्च होते, झगा होता, पगार होता. अर्थ मागाहून आला. आगमनकाळ चार आठवड्यांचा असतो. रमाबाईंचा आठ वर्षे चालला. मधल्या काळात त्यांना धरून ठेवले ते सिद्धान्ताने नव्हे. फुलहॅमच्या घराने, बीलबाईंच्या पत्रांनी आणि हो, भांडखोर आजीबाईंनीही.

त्यांचे शेवटचे काम होते बायबलाचे मराठी भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुक्तीतल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत त्यांनी ते केले, आणि मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले. स्टीफन्सने वैकुंठ ठेवले. रमाबाई जुन्या धार्मिक अर्थाचे शब्द टाळून चालल्या. दोघेही एकाच प्रश्नाशी झगडत होते, उत्तरे विरुद्ध. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले १९२४ मध्ये.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक इंग्लंडात आले नव्हते, तरी त्यांना टाळता येत नाही. टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे की त्यांना नवऱ्याच्या युक्तिवादाने पटले नाही. सोवळे-ओवळे गळाले ते माणसांत राहून, विचार करून, एकेक घोट पाणी पिऊन. १९०० साली त्या स्वतः होऊन मंडळीत आल्या. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. वाँटेजला जी सवड रमाबाईंना मिळाली नाही, ती संस्थेच्या नियमातच घालून ठेवली म्हणा ना. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार चालला नाही. पण त्यांची भजने ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही नगर-पुण्याच्या चर्चमध्ये आगमनकाळात आणि नाताळात म्हटली जातात, पेटी-तबल्यावर.

आता पुन्हा हाय स्ट्रीटच्या टोकाशी. हॅरो बरोत २०२१ च्या जनगणनेत सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांनी आपला धर्म हिंदू नोंदवला. आपली मुले शाळेच्या नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतात, डोक्याला पंचा गुंडाळून. काही घरांत वसईचा किंवा नगरचा वारसा आहे. तिथे आजी ‘नाताळ’ म्हणते. पोर्तुगिजांनी मागे ठेवलेला हा शब्द आता पुरता मराठी झाला आहे. काही घरांत तो फक्त सुट्टीचा दिवस आहे. दोघांनाही क्रिस्टिंगल हा प्रकार पाहायला बोलावले जाते: संत्र्याभोवती लाल फीत, चार काड्यांवर गोड पदार्थ, मधोमध मेणबत्ती. संत्रे म्हणजे जग, काड्या म्हणजे ऋतू, मेणबत्ती म्हणजे येणारा. मूळ मोरावियन मंडळींचे, १७४७ चे. इंग्लंडच्या चर्चमध्ये ते १९६८ मध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या वर्गणीच्या निमित्ताने आले. आपल्या आकाशकंदिलाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. संत्रे हे संत्रेच असू दे.

अशा उपासनेला दारात कुणी बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही. मागच्या बाकावर बसून नुसते ऐकता येते. लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचली जाते तेव्हा मराठी बायबलातला ‘गव्हाणी’ हा शब्द ज्याला आठवतो त्याला गाईगुरांचा वासही येतो, जो इंग्रजी शब्दाला आता येत नाही. बऱ्याच चर्चमध्ये देखाव्यातली ती गव्हाणी नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत रिकामी ठेवतात. उपासना संपल्यावर मागे चहा असतो, आणि बहुधा मिन्स पाय. जुन्या कृतीत त्यात गाईची चरबी असे. हल्ली बहुतेक वनस्पतीची असते. तरी घेण्याआधी आत काय आहे ते विचारायला हरकत नाही. रमाबाईंनी विचारलेच असते.